आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी काय शिजवावे आणि काय थांबवावे

आतड्याची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी येतो तेव्हा सुट्टीच्या कागदावर औषधांची यादी सविस्तर असते, पण आहाराविषयी बहुधा ‘सॉफ्ट डाएट’ किंवा ‘हलका आहार’ एवढेच लिहिलेले असते. घरात त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे लावला जातो. कोणी रुग्णाला महिनाभर चहा-बिस्किटांवर ठेवतो, तर कोणी ताकद यावी म्हणून दुसऱ्याच दिवशी भाकरी आणि मेथीची भाजी वाढतो. दोन्हींनी नुकसानच होते. पुढील मार्गदर्शन विदर्भातल्या खेड्यात घरोघरी जे पिकते आणि शिजते त्यावरच बेतलेले आहे. मात्र त्यातील एखादी गोष्ट तुमच्या सर्जनच्या सूचनेशी जुळत नसेल, तर सर्जनची सूचना प्रमाण मानावी.

काय काढले, ते आधी विचारून घ्यावे

सुट्टी होण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा वॉर्डातल्या सिस्टरना काही गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. लहान आतड्याचा भाग काढला की मोठ्या आतड्याचा? लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते, तो शेवटचा भाग गेला का? आतडे आतच जोडले आहे की आतड्याचे तोंड पोटावर बाहेर काढून मळ गोळा करायला पिशवी लावली आहे, आणि पिशवी असल्यास ती कोणत्या आतड्याची? रुग्णाला मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मीठ आणि प्रथिने किती चालतील? आतड्याचा क्षयरोग, विषमज्वरात आतड्याला पडलेले छिद्र, पीळ, अडकलेला हर्निया, कर्करोग अशी शस्त्रक्रियेची कारणे वेगवेगळी असतात. पण पुढचा आहार मुख्यतः कोणता भाग गेला यावरून ठरतो. अन्नातले पोषण प्रामुख्याने लहान आतडे शोषून घेते, तर पाणी आणि क्षार शोषून मळ घट्ट करण्याचे काम मोठे आतडे करते, हे लक्षात ठेवले की पुढील बहुतेक सूचनांमागचे कारण आपोआप कळते.

रुग्णालयातले पहिले दिवस

शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ हालचाल थांबवतात. लहान आतडे साधारण दिवसभरात पूर्ववत होते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस. म्हणूनच ‘वारा सरला का?’ हा प्रश्न डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात. पूर्वी वारा सरेपर्यंत रुग्णाला काहीच देत नसत. आता अनेक ठिकाणी पहिल्या २४ तासांतच घोट घोट पाणी आणि पातळ पदार्थ सुरू करतात. त्यामुळे सिस्टरने दुसऱ्याच दिवशी पेज द्यायला सांगितली तर नातेवाइकांनी घाबरू नये. आणि सांगितले नसेल तर डब्यातून काही चोरून भरवूही नये.

या टप्प्यात पाणी, गाळलेली भाताची पेज, वरणावरचे पाणी, बिनदुधाचा चहा, नारळपाणी यांपैकी डॉक्टर म्हणतील ते थोडे थोडे द्यावे. मळमळ झाली किंवा पोट फुगले तर थांबून लगेच सांगावे. काही ठिकाणी च्युइंगगम चघळायला देतात, कारण चघळण्याने जेवण येत असल्याची सूचना आतड्यांना मिळते आणि ती लवकर हालू लागतात. याचा अर्थ खर्रा चघळला तरी चालतो, असा कोणी काढू नये. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि आतड्याचा जोड भरून येण्यासाठी जो रक्तपुरवठा लागतो तोच कमी पडतो. सुपारीचे तुकडे पोटात जातात ते वेगळेच. गावातल्या पानठेल्यापर्यंत रुग्णाला चालता येऊ लागते त्या दिवसापासून घरच्यांनी या बाबतीत कडक राहावे.

घरी आल्यावरचे चार ते सहा आठवडे

येथे नेहमीच्या समजुती उलट्या करून घ्याव्या लागतात. एरवी ज्वारीची भाकरी, कोंड्यासकट कणीक, पालेभाजी, मोडाची उसळ आणि कच्चे सॅलड यांना आपण पौष्टिक म्हणतो आणि पांढऱ्या भाताला नावे ठेवतो. पण आतड्याचा जोड अजून सुजलेला आणि अरुंद असतो, आणि न पचणारा चोथा तिथे अडकू शकतो, गॅस धरून कळा आणू शकतो. म्हणून या काळात चोथा कमी असलेले, मऊ शिजलेले आणि दाणा न उरलेले अन्न हेच योग्य. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भात हेच मुख्य अन्न असल्याने तिथे हे सोपे जाते. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडे मात्र ‘भाताने पोट भरत नाही’ अशी तक्रार हटकून येते. तिला उत्तर एकच: जेवणाच्या वेळा वाढवाव्यात. दोन भरपेट जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा वाटीभर खावे. आजारातून उठलेल्या आतड्यालाही तेच सोसते.

पहिल्या दिवसांसाठी मुगाच्या डाळीच्या खिचडीइतके भरवशाचे दुसरे काही नाही, पण ती नेहमीसारखी मोकळी नसावी. एक वाटी पांढरा तांदूळ आणि अर्धी वाटी बिनसालीची मूगडाळ धुऊन सहा वाट्या पाण्यात हळद, हिंग आणि मीठ घालून कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या होऊ द्याव्यात. झाकण उघडल्यावर चमचाभर तूप घालून पळीने किंवा रवीने चांगली घोटावी. फोडणी हवीच असेल तर जिऱ्याची पूड तुपात घालावी. अख्खे जिरे, मोहरी, मिरचीचे तुकडे आणि शेंगदाणे नकोत. सांबार, म्हणजे कोथिंबीर, वरून पेरायची सवय असेल, तर काही दिवस ती सोडावी. शेवटी थोडी खिचडी दोन बोटांत चोळून पाहावी: बोटांना कण किंवा धागा लागला नाही तरच ती रुग्णाच्या ताटात जावी. हीच बोटांची कसोटी पुढे प्रत्येक भाजीला आणि वरणालाही लावता येते, आणि माझ्या मते छापील याद्यांपेक्षा तीच जास्त उपयोगी पडते.

भाज्यांमध्ये दुधी, कोहळे, गाजर, बटाटा, कोवळी ढेमसे आणि दोडके चालतात, मात्र साल पूर्ण काढून, बिया खरवडून आणि शिजल्यावर कुस्करून. ढेमसे जून निघाले तर त्यातल्या बिया शिजूनही टणक राहतात, तेव्हा ते घरच्या इतरांसाठी ठेवावे. टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून, साल काढून, गाळून घ्यावा. वांग्याच्या बिया काढता येत नाहीत, म्हणून भरीत सध्या नको. मेथी, अंबाडी, चवळीची पाने, गवार, पोपटाच्या (वालाच्या जातीच्या) शेंगा, कोबी, फुलकोबी, कच्चा कांदा, मुळा आणि काकडी यांनाही थांबू द्यावे. तूर, मूग, मसूर यांच्या बिनसालीच्या डाळी घोटून चालतात. मटकी, वाटाणा, चवळी, हरभरा यांच्या उसळी आणि लाखोळीची डाळ नको. बेसन गॅस धरते, त्यामुळे पातळ पिठले तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडेसे चाखून पाहावे आणि सोसले तरच वाढवावे. जवस, तीळ, शेंगदाणे यांच्या चटण्या, ओले-सुके खोबरे, मक्याचे कणीस, हुरडा आणि लाह्या या काळात पूर्ण वर्ज्य. सकाळी मऊ भिजवलेले दही-पोहे, रव्याची पातळ खीर किंवा उपमा, चहात बुडवलेला टोस्ट हे चालते. तर्री-पोह्यांतले पोहे रुग्णाला, तर्री मात्र इतरांना.

फळांमध्ये पिकलेले केळे, उकडून साल काढलेले सफरचंद आणि पिकलेली पपई बरी. भेटायला येणारे लोक आपल्या भागात हमखास संत्री आणतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा पापुद्रा आणि शिरा पचत नाहीत. पोटावर पिशवी असलेल्यांमध्ये तर त्या चोथ्याने वाट बंद होऊ शकते. फोडीचा पापुद्रा सोलून आतला गर चावून खाणे पुढे कधीतरी जमेल, पण पहिल्या आठवड्यांत रस काढून दोनदा गाळावा आणि निम्मे पाणी घालून द्यावा. सीताफळ, पेरू, डाळिंब, बोरे आणि अंजीर यांच्या बियांमुळे ती नंतरच.

दुधाबद्दल मत बनवण्याआधी पोट पाहावे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस दुधातली साखर पचवण्याची क्षमता मंदावू शकते आणि दुधाने पातळ जुलाब होतात. अशा वेळी दही आणि ताक बहुधा सोसते. जुलाब होत नसतील तर दूध बंद करण्याचे काही कारण नाही. तिखटाबाबत मात्र तडजोड नको: भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि सावजीचा रस्सा यांनी आतड्याची आग होते आणि शौचाच्या जागी किंवा पिशवीभोवतीच्या त्वचेलाही झोंबते.

‘टाके पिकतील’ म्हणून काय काय बंद करतात

शेजारपाजारचा सल्ला येथे सर्वांत जास्त नुकसान करतो. डाळीने जखम पिकते, भाताने पू होतो, दही थंड, अंडे उष्ण, मासे वातूळ, असे म्हणत म्हणत रुग्णाच्या ताटात साखर-दूध आणि बिस्किट एवढेच उरते. जखमेत पू होतो तो जंतुसंसर्गाने. जखम भरायला प्रथिने लागतात, आणि ज्या जिनसांवर बंदी येते नेमक्या त्यांतच ती असतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात असे आहारशास्त्र सांगते. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा हिशेब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

हा आकडा घरच्या जेवणात कसा बसतो, ते पाहण्यासारखे आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम आणि अर्धी वाटी कोरड्या डाळीत, म्हणजे साधारण ५० ग्रॅममध्ये, ११-१२ ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम मासे, कोंबडी किंवा पनीर यांतून १८ ते २० ग्रॅम मिळतात. दोन अंडी, अर्धी वाटी डाळ, दोन पेले दूध किंवा तेवढे दही, माशाचा एक मोठा तुकडा आणि दिवसभराचा भात धरला की साठी ओलांडते. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांतला ताजा रोहू किंवा कतला या कामी उत्तम, फक्त काटे काढून, तळण्याऐवजी पातळ रश्शात शिजवून द्यावा. माळकरी घरात अंडी-मासे वर्ज्य असल्यास दही, पनीर, घट्ट घोटलेले वरण आणि, बेसन सोसू लागल्यावर, डाळ्याचे पीठ घातलेले ताक यांचे प्रमाण वाढवावे. सोयाबीनच्या वड्यांत प्रथिने भरपूर असली तरी त्यांनी गॅस होतो, म्हणून त्या सहा आठवड्यांनंतर.

एक चूक फार घरांत होते: आजाऱ्याला वरणावरचे पाणी द्यायचे आणि खालचे घट्ट वरण घरच्यांनी खायचे. पहिल्या दोन-चार दिवसांत ते ठीक आहे. त्यानंतर डाळीचे सत्त्व खालच्या घट्ट भागातच असते, तेव्हा घोटलेले घट्ट वरण रुग्णाला मिळाले पाहिजे.

पोटावर पिशवी असेल तर

मोठ्या आतड्याची पिशवी असलेल्यांचा आहार चार-सहा आठवड्यांनंतर जवळजवळ नेहमीचा होतो. त्यांना वास आणि गॅसचीच चिंता जास्त असते. कांदा, लसूण, अंडी, मासे यांनी वास वाढतो, कोबी, उसळी आणि सोड्याच्या बाटलीतल्या पेयांनी गॅस वाढतो, तर दही-ताकाने वास थोडा कमी झाल्याचे अनेक जण सांगतात. बीट खाल्ल्यावर पिशवीत लाल रंग दिसतो, त्याला रक्त समजून घाबरू नये.

लहान आतड्याच्या पिशवीचे गणित वेगळे आणि अधिक नाजूक आहे. येथे पाणी आणि मीठ शोषणारे मोठे आतडे वाटेतच येत नसल्याने दोन्ही पिशवीतून बाहेर जातात. पिशवी रिकामी करताना मापाच्या मगात मोजावी: दिवसाला अर्धा ते एक लिटर हे साधारण ठीक, दीड लिटरच्या वर गेले तर डॉक्टरांना कळवावे. तहान लागली म्हणून नुसते पाणी तांब्यामागून तांब्या पिणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण नुसत्या पाण्याबरोबर आतड्यातले मीठ आणखी ओढले जाते आणि पिशवी जास्तच भरते. ओआरएस हेच खरे पेय आहे. एक लिटरचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मधुमेह असणाऱ्यांनी किती प्यावे ते विचारून घ्यावे. मीठ घातलेले ताक आणि मिठाची पेजही उपयोगी. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी मुळातच खारट असते. त्याला ओआरएसचा पर्याय समजू नये, आणि त्यात पाकीटही विरघळवू नये, कारण क्षारांचे प्रमाण बिघडते. तेथे शुद्ध केलेल्या कॅनचे पाणी वापरावे.

विदर्भाच्या उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ही पिशवी असलेल्या माणसाने दुपारी शेतावर जाऊ नये. लघवी कमी आणि गडद होणे, उठल्यावर चक्कर, पायात गोळे आणि तोंड कोरडे पडणे ही शरीरातले मीठ-पाणी उतरल्याची चिन्हे आहेत, आणि ती दुर्लक्षित राहिली तर मूत्रपिंडांना इजा होते.

पिशवीतला मळ घट्ट करायला भात, केळे, उकडलेला बटाटा आणि साबुदाण्याची पेज मदत करतात. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके असले की रात्री पिशवी कमी वेळा रिकामी करावी लागते. मका, खोबरे, शेंगदाणे, संत्र्याचा चोथा, अळंबी आणि सुकामेवा यांनी वाट अडू शकते. ते पुढेही जपून, थोडे आणि बारीक चावूनच खावेत. पिशवीत अख्खी गोळी दिसली तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या अशा रुग्णांमध्ये कामाविनाच बाहेर पडू शकतात.

नेहमीच्या जेवणाकडे परतताना

चार-सहा आठवड्यांनंतर, सर्जनने होकार दिल्यावर, एका वेळी एकच नवा पदार्थ सुरू करावा आणि दोन-तीन दिवस पोटाचे लक्षण पाहूनच पुढचा घ्यावा. काय खाल्ले, किती, त्यानंतर पोट कसे राहिले, हे शाळेच्या वहीत लिहून ठेवले की दोन आठवड्यांत कोणते अन्न खरोखर बाधते ते दिसते. नुसत्या आठवणीवर दोष बहुधा चुकीच्या पदार्थाला जातो. मी सुचवीन तो क्रम असा: आधी बारीक चाळणीने चाळलेल्या कणकेचा मऊ फुलका, मग ताजी मऊ भाकरी, तीही वरणात किंवा दुधात कुस्करून, त्यानंतर कोवळा पालक बारीक वाटून, मग मेथीसारख्या भाज्या, त्यामागून मोडाच्या उसळी थोड्या, कच्चे सॅलड त्यानंतर, जवस-शेंगदाण्याच्या चटण्या आणि ठेचा सर्वांत शेवटी. रोडगे-वांग्याचे जेवण ज्या दिवशी असेल, त्या दिवशी रुग्णाने एकच लहान रोडगा तुपात कुस्करून खावा आणि वांगे पुढच्या खेपेला ठेवावे. दात नसलेल्या वृद्धांना प्रत्येक टप्प्याला जास्त वेळ द्यावा.

मोठ्या आतड्याचा उजवा भाग किंवा गुदाशय काढलेल्यांना काही महिने वारंवार व पातळ शौचाला होणे अपेक्षित असते. त्यांनी तेलकट, फार गोड आणि चहाचे अतिरिक्त कप टाळावेत. लहान आतड्याचा शेवटचा भाग बराचसा गेला असेल तर जीवनसत्त्व ब-१२ शोषले जात नाही. आधीच शाकाहारी असलेल्या माणसात ही उणीव आणखी लवकर उघडी पडते, आणि गोळ्या-टॉनिकने भागेलच असे नाही. इंजेक्शन लागते का ते विचारून घ्यावे. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करावे, आरोग्य केंद्रात जमत नसेल तर किराणा दुकानातला धान्याचा काटाही चालेल. वजन सतत उतरत असेल तर केवळ अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये.

उपवास, भेटी आणि घरगुती औषधे

निर्जळी उपवास पहिले काही महिने करू नये; लहान आतड्याची पिशवी असेल तर अजिबात नाही. उपवास मोडवत नसेल तर मऊ भगर, ताक आणि साबुदाण्याची पेज घ्यावी, शेंगदाण्याचा कूट मात्र वगळून. शौचाला झाले नाही म्हणून एरंडेल, त्रिफळा चूर्ण किंवा कुणी सांगितलेला काढा देऊ नये. दुखण्याच्या काही गोळ्यांमुळे मलावरोध होतो आणि त्यावरचे औषध डॉक्टरांकडून घेता येते, पण कोवळ्या जोडावर रेचकाचा जोर नको. भेटायला येणाऱ्यांच्या नमकीन आणि भज्यांच्या पुड्यांना रुग्णाला हात न लावू देण्याचे काम घरच्या सर्वांत निग्रही माणसाकडे द्यावे.

लगेच रुग्णालय कधी गाठावे

वारा आणि शौच दोन्ही बंद होऊन पोट फुगणे, वारंवार उलट्या होणे, विशेषतः हिरवट, ताप किंवा थंडी वाजणे, पोट एकाएकी जोरात दुखू लागणे, जखमेतून पू किंवा मळासारखा स्राव येणे, शौचातून काळे किंवा ताजे रक्त जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. पिशवी असलेल्यांनी चार-सहा तास पिशवीत काहीच न येता कळा येत असतील, किंवा पिशवीआतल्या आतड्याचा ओला लालसर रंग काळपट होत असेल, तर तेही तितकेच तातडीचे समजावे. आतड्याचा जोड सुटण्याचा धोका पहिल्या दीड-दोन आठवड्यांत अधिक असतो, आणि त्याची सुरुवात कधी कधी नुसत्या तापाने आणि जेवणावरची वासना जाण्याने होते, म्हणून या दिवसांत गावातल्या औषधाच्या दुकानातून तापाची गोळी आणून दिवस काढू नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा गावातल्या आशाताईंना कळवावे म्हणजे गाडीची व्यवस्था लवकर होते. रुग्ण केवळ पिशवी जास्त भरल्याने कोरडा पडला असेल आणि उलट्या होत नसतील, तर वाटेत ओआरएसचे घोट देत राहावे. पण पोट फुगलेले असेल, उलट्या होत असतील किंवा जोराने दुखत असेल, तर तोंडाने काहीही देऊ नये, कारण पुन्हा भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असणे आवश्यक असते.